आपला तो बाब्या, त्याला मत

6 ऑक्टोबर 2024 च्या रविवारी रात्री ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण पहिला आला, अभिजीत सावंत दुसरा. सोमवारी सकाळी कसारा लोकलच्या बायकांच्या डब्यात दुसरा विषयच नव्हता. या गाडीला आमच्यासारख्या मास्तरणी असतात, आरोग्यसेविका असतात, आणि पहाटे कल्याणला भाजी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका असतात. आसनगाव सुटल्यावर डबा मोकळा होतो आणि आवाज चढतो. त्या दिवशी मी एक उद्योग केला. ज्यांनी ज्यांनी मत दिलं होतं त्यांना ‘कुणाला दिलंत’ एवढ्यावर न सोडता ‘का दिलंत’ हेही विचारलं. उंबरमाळी स्टेशन येईपर्यंत बरीच उत्तरं जमली. पुढे वर्षभर, संधी मिळेल तिथे, मी हाच प्रश्न विचारत राहिले.

‘तो चांगला खेळला’ असं एकीनेही सांगितलं नाही.

एक म्हणाली, आईबापाविना वाढलेलं पोर आहे. दुसरी म्हणाली, त्याला लिहितावाचता धड येत नाही म्हणून बाकीचे हसत होते, तेव्हाच ठरवलं. तिसरीने अभिजीतला दिलं होतं, कारण तिच्या लग्नाच्या वर्षी तो ‘इंडियन आयडॉल’ झाला होता आणि नवऱ्याने तेव्हा त्याची कॅसेट आणून दिली होती. चौथीने सूरजला दिलं, कारण तिच्या जावेने अभिजीतला दिलं होतं. हे शेवटचं कारण ऐकून सगळा डबा हसला. मला मात्र ते सगळ्यात प्रामाणिक वाटलं.

लोकप्रियतेच्या स्पर्धांवर आपल्याकडे लिहिलं जातं ते दोनच बाजूंनी. वाहिनी निकाल ठरवते आणि मतदान हा नुसता देखावा, ही एक. लोकांना पारख नाही, गुणवत्ता मार खाते, ही दुसरी. दोन्हींत मत देणारा माणूस नाहीच. पहिलीत तो फसवला गेलेला, दुसरीत तो अडाणी. प्रत्यक्षात तो हातातला फोन घेऊन ठरावीक वेळी ठरावीक नावावर बोट ठेवतो, आणि त्याच्यापाशी कारण असतं. ते बहुतेक वेळा पडद्यावरचं नसून त्याच्या घरातलं असतं.

हे आजचं नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, एक भामिनी, दुसरा धैर्यधर. त्यापूर्वी कित्येक वर्षं महाराष्ट्रात या दोघांचे दोन पक्ष होते, आणि घराघरांत त्यावरून वाद होत. मतपत्रिका नव्हती, पण ‘वन्समोअर’ होता. पद संपलं की कोण ओरडतं, कुणासाठी किती वेळा ओरडतं, हे मतदानच होतं, तेही उघड. तमाशातल्या दौलतजादेत तर एकेका नोटेला नाव लागायचं. नोट देणारा कलावंतिणीला पैसे देत असे, त्याचबरोबर आपलं नाव चारचौघांत पुकारून घेत असे. पुढे साध्या मेसेजपेक्षा महाग दराने एसेमेस पाठवून लोक गायकांना मतं देऊ लागले, तेव्हा शहरातल्या लेखकांना ते नवं आणि विचित्र वाटलं. यात्रेला बसलेल्या माणसाला त्यात नवं काहीच नव्हतं.

आमच्याकडे आणखी एक जुनी गोष्ट आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, नृसिंह, त्राटिका, रावण अशी मुखवट्यांची सोंगं रात्रभर वाजतगाजत निघतात. अनेक सोंगं ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बघायला आलेला माणूस कुठल्या सोंगापाशी जास्त वेळ थांबतो, कशासाठी जागा राहतो, हे मुखवट्याच्या देखणेपणावर ठरत नाही. मुखवट्यामागे कोण नाचतोय, तो आपला कोण लागतो, यावर ठरतं. सोंग आणि माणूस दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि बघणाऱ्याला त्यात काही घोटाळा वाटत नाही. टीव्हीवरच्या मतदानाचं कोडं सोडवायला मला याइतका चांगला धागा दुसरा सापडला नाही.

उदाहरण घ्या. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतली शेवंता, म्हणजे अण्णा नाईकांच्या आयुष्यातली दुसरी बाई, अपूर्वा नेमळेकरने केली. 2022 मध्ये ती ‘बिग बॉस मराठी’च्या चौथ्या पर्वात गेली आणि जानेवारी 2023 च्या अंतिम फेरीत दुसरी आली. आमच्या शाळेजवळच्या पाड्यावरच्या एका आजीने नातवाकरवी तिला मत दिलं होतं. आजींना मी म्हटलं, शेवंतेने नाईकांचं घर मोडलं, तिला कसं मत दिलंत? त्या म्हणाल्या, ‘बाई, ती खोटी नव्हती. अण्णा खोटा होता.’ आजी अपूर्वाला मत देत होत्या की शेवंतेला? दोघींना. एका बाईवर मालिकेत अन्याय झाला आणि त्याचं उट्टं दुसऱ्या कार्यक्रमात काढायची संधी मिळाली, असा तो सरळ हिशेब होता. तिसऱ्या पर्वाचा विजेता विशाल निकम त्याआधी ‘दख्खनचा राजा जोतिबा’ या मालिकेत जोतिबा झाला होता. डिसेंबर 2021 मध्ये तो जिंकला तेव्हा ‘जोतिबाला नाही म्हणायचं?’ असं मला एकीने विचारलं होतं. तिच्या आवाजात थट्टा अर्धीच होती.

शहाणी मंडळी याला भाबडेपणा म्हणतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्येच यावर लिहून ठेवलंय. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण खऱ्यासारखं नातं जुळतं, अशी त्यांची मांडणी. ती बरोबर आहे, पण आमच्या आजींना पुरत नाही. अपूर्वा आपल्याला ओळखत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. एकतर्फी नात्याचं त्यांना काही वाटत नाही. देवाशी असलेलं नातं तरी कुठे दुतर्फी असतं?

‘आपला’ हे कारण सगळ्यांत आधी सांगितलं जातं आणि सगळ्यांत ढोबळपणे समजलं जातं. अमरावतीचा शिव ठाकरे 2019 मध्ये दुसरं पर्व जिंकला, तेव्हा विदर्भाने जिंकवला असं सगळे म्हणाले. पाचव्या पर्वात मालवणची अंकिता वालावलकर कोकणाची, इचलकरंजीचा धनंजय पोवार कोल्हापूरकरांचा. नकाशावर बोट ठेवून मतं मोजायची ही रीत. 2007 मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगच्या बाबतीत ती खरीही ठरली. कोलकाता पोलिसांतला हा शिपाई ‘इंडियन आयडॉल’मध्ये पोचला तेव्हा डोंगरातल्या गोरखा वस्त्यांनी वर्गणी काढून मतं दिली. तो जिंकल्यावर एका रेडिओ निवेदकाने केलेल्या टिंगलीवरून सिलीगुडीत दंगल उसळली. ऑक्टोबर 2007 मध्ये वेगळ्या गोरखालँडसाठी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन झाला, आणि या मतदानाने एकत्र आलेली माणसंच त्या चळवळीच्या मागे उभी राहिली. गाण्याच्या स्पर्धेतलं मत कुठवर जाऊ शकतं याचं भारतातलं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पण आमच्या ठाणे जिल्ह्याकडे बघा. चौथ्या पर्वाचा विजेता अक्षय केळकर कळव्याचा. तिसऱ्या पर्वात दुसरा आलेला जय दुधाणे ठाण्याचा. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं आमच्या जिल्ह्याची पोरं शेवटच्या दोघांत होती. शहापूर-मुरबाडमध्ये त्याचा कुणाला पत्ता नाही. ‘आपल्या जिल्ह्याचा’ म्हणून मत दिलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. उंबरमाळीहून ठाणं लोकलने दीड तासाच्या आसपास. धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, भातसा, तानसा, आणि पाणी मुंबईला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी बाई ठाण्याच्या पोराला आपला का म्हणेल? तीच बाई बारामतीच्या सूरजला बिनदिक्कत आपला म्हणते. बारामतीशी तिचा काडीचा संबंध नाही. पण सूरज जसा बोलतो, अडखळतो, खाली मान घालून हसतो, तसा मुलगा तिच्या घरात आहे. ‘आपला’ हा शब्द भूगोलाचा नाही हे मला या तालुक्यात राहून कळलं. तो इयत्तेचा आहे. नापास झालेले, शाळा सुटलेले, इंग्रजी शब्द आला की गप्प बसणारे असे सगळे एका गावचे.

आता दयेचा प्रश्न. सूरजला सहानुभूतीची मतं मिळाली, असा शेरा निकालानंतर भरपूर ऐकला, जणू सहानुभूतीचं मत कमअस्सल. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चं 2009 चं पर्व आठवा. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत मागे राहिले. त्यानंतर ‘खरं कोण जिंकायला हवं होतं’ हा वाद महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांना कित्येक महिने पुरला. त्या वादात प्रत्येक जण सुरांबद्दल बोलत होता, आणि प्रत्येकाच्या बोलण्याखाली आपापली लेक होती. शहापूरच्या एका शिक्षिकेने मुग्धाला मतं दिली होती, कारण मुग्धा सगळ्यांत लहान होती आणि शिक्षिकेची स्वतःची धाकटी लेक नेहमी मोठ्या बहिणीपुढे झाकोळून जायची. यात सूर कमी ऐकले गेले का? कदाचित. पण त्या धाकटीने त्या वर्षी पहिल्यांदा वर्गात हात वर करून गाणं म्हटलं, हे मी पाहिलंय. हे कारण कमअस्सल आहे असं मी तरी म्हणणार नाही.

रागाची मतं हा मोठा आणि दुर्लक्षित भाग. या स्पर्धांत ‘नको’ म्हणायची सोय नसते, म्हणून माणसं नको असलेल्याच्या समोरच्याला मत देतात. भांडखोर स्पर्धक घरात असला की शांत स्पर्धकाचं बरंच भांडवल तोच गोळा करून देतो. मालिकांच्या वाहिन्यांनी यावर हुशारीने तोडगा काढला. त्यांच्या पुरस्कारांत खलनायिकेलाही बक्षीस असतं. सासू, जाऊ, सवत यांच्याबद्दल जे कुणापुढे बोलता येत नाही ते त्या रकान्यात टाकता येतं. मला एक बाई माहीत आहेत. त्यांनी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालू असताना घरातल्या कुणाशी चर्चा न करता मालिकेतल्या बायकोला, राधिकेला, मत दिलं आणि स्वतःच्या नवऱ्याला सांगितलं की मालिकेतल्या नवऱ्याच्या प्रेयसीला, शनायाला, दिलं. का, ते मी विचारलं नाही.

घरात फोन कुणाचा, हा तर पहिलाच प्रश्न असायला हवा. पाड्यांवर बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो मुलाकडे असतो. आईला मत द्यायचं तर मुलाला विनवायला लागतं. मुलगा ‘दिलं’ म्हणतो. खरंच दिलं का, कुणाला दिलं, देव जाणे. एसेमेसच्या काळात पैसे लागायचे म्हणून मतं मोजून दिली जायची. मिस्ड कॉल आला तेव्हा फुकट म्हणून सगळ्यांनी दिली. आता ॲप आलं. पाचव्या पर्वात मतदान जिओ सिनेमाच्या ॲपवर होतं, म्हणजे चांगला फोन, डेटा आणि रेंज या तिन्ही गोष्टी हव्यात. उंबरमाळी स्टेशनावर रेंज बरी मिळते. आत पाड्याकडे वळलं की डोंगर आडवा येतो. त्या सप्टेंबरात संध्याकाळी पुलाच्या कठड्यापाशी पोरं फोन वर धरून उभी असायची, त्यातली दोनतीन मतदानासाठी असायची. प्रत्येकाच्या मागे घरातून आलेली एक-एक चिठ्ठी. ‘आजीचं सूरजला, काकूचं अंकिताला.’ एका पोराने मला सांगितलं की काकूचंही तो सूरजलाच देतो. वाहिनीने केलेल्या हेराफेरीवर लेख लिहिणाऱ्यांनी या कठड्यावरही येऊन जावं.

भीड हे कारण तर कुणी कबूलच करत नाही. ओळखीच्याने लिंक पाठवली, ‘दोन मिनिटं लागतात’ म्हणाला, मग देऊन टाकलं. इथे मत स्पर्धकाला जात नाही, लिंक पाठवणाऱ्याला जातं. लग्नात आहेर करतात तसं ते खात्यावर जमा राहतं, आणि उद्या आपल्या मुलीच्या चित्रकला स्पर्धेची लिंक गेली की वसूल होतं.

माझ्या भाच्याची कारणं आणखी वेगळी. तो बारावीला आहे आणि जपानी कार्टून मालिकांशिवाय दुसरं काही बघत नाही. ‘नारुतो’ मालिकेतल्या पात्रांची जगभरच्या चाहत्यांसाठी निवडणूक झाली, 2023 मध्ये निकाल लागला. नायक नारुतो पहिला आला नाही. पहिला आला मिनातो, म्हणजे नायकाचा बाप, जो मुलगा जन्मला त्याच रात्री मरतो. लेखकाने त्यानंतर मिनातोवर एक छोटी चित्रकथा काढली. भाच्याने मिनातोलाच मत दिलं होतं. मी मनातल्या मनात बापलेकाच्या नात्याचा अर्थ लावायला बसले. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘मावशी, त्याचे केस भारी आहेत.’ प्रत्येक मतामागे घाव शोधणाऱ्या माझ्यासारखीने हे उत्तर लक्षात ठेवायला हवं. काही मतं केसांसाठी असतात.

राज्यशास्त्रात या सगळ्याची एक जुनी अडचण मांडलेली आहे. अँथनी डाउन्स याने 1957 मध्ये विचारलं की लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता शून्याजवळ असते, मग शहाणा माणूस रांगेत उभा राहतोच कशाला? पुढे जेफ्री ब्रेनन आणि लॉरेन लोमास्की यांनी 1993 च्या पुस्तकात उत्तर सुचवलं. माणूस निकाल ठरवायला मत देत नाही, आपण कुणाच्या बाजूचे ते सांगायला देतो. क्रिकेटच्या मैदानात ओरडतो तसं. हे उत्तर विधानसभेपेक्षा लोकप्रियतेच्या स्पर्धेला जास्त लागू पडतं. बिग बॉसच्या निकालानंतर दीड महिन्याने, 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेचं मतदान झालं. त्याच डब्यात त्याच बायकांना मी कुणाला मत दिलं हे विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. तिथे पक्ष असतो, भावकी असते, गावात उद्या तोंड दाखवायचं असतं. सूरजचं मत मात्र उघड. त्यामागचं कारणही उघड. घरातल्या बाईला आपलं मत स्वतःचं म्हणून मोठ्याने सांगता येतं अशा जागा आमच्याकडे थोड्या आहेत, आणि त्यातली एक टीव्हीने दिली, हे टीव्हीबद्दल एरवी चांगलं न बोलणाऱ्या मला मान्य करावं लागतं.

लोकप्रियता फुकटच्या मतात असते, तिकिटाच्या पैशांत नसते, असा टोमणा 25 एप्रिल 2025 नंतर ऐकू आला. त्या दिवशी केदार शिंदे यांचा, सूरजची मुख्य भूमिका असलेला ‘झापुक झुपूक’ हा सिनेमा आला आणि चित्रगृहांत फारसा चालला नाही. एवढी मतं देणारे कुठे गेले, असं लोक विचारत होते. आमचे कुठे गेले ते मी सांगते. इथून सिनेमाला आम्ही कल्याणला जातो. चार जणांचं तिकीट, लोकलचं भाडं, बाहेरचं खाणं, आणि रात्रीची परतीची गाडी चुकली तर काय, हा प्रश्न. मत देणारी बाई प्रेमाने उणी नव्हती. तिला सूरज जिंकलेला बघायचा होता, तो तिने पाहिला. तिचा व्यवहार तिथेच पूर्ण झाला.

हा सगळा आढावा घेतल्यावर गुणवत्तेची बाजू घेणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की या मतदानातून कोण श्रेष्ठ ते कळत नाही, आणि कळावं अशी मत देणाऱ्यांची अपेक्षाही नसते. ज्याला श्रेष्ठ ठरवायचं त्याने परीक्षक नेमावेत. वाहिन्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती घोटाळ्याची नाही, आकड्यांची आहे. 1988 मध्ये अमेरिकेत बॅटमनच्या चित्रकथेत जेसन टॉड, म्हणजे दुसरा रॉबिन, जगावा की मरावा हे वाचकांच्या फोनवर ठेवलं होतं. एका फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे 5,343, जगावा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी रॉबिन गेला. एकाच माणसाने शेकडो फोन लावले अशी बोलवा पुढे राहिली, राहू दे. पण आकडे समोर होते. जगावा म्हणून फोन लावलेल्या पोराला आपण 5,271 पैकी एक होतो हे माहीत होतं.

‘बिग बॉस मराठी’च्या अंतिम फेरीत मंचावर दोघांचे हात धरून एक हात वर केला जातो. किती मतं पडली ते सांगितलं जात नाही. सूरजला किती, अभिजीतला किती, फरक किती, यातलं काहीच नाही. कठड्यावर उभं राहून, रेंज धरून, काकूला फसवून का होईना, दिलेली ती मतं आहेत. पुढच्या पर्वापासून प्रत्येक स्पर्धकाची मतं, शक्य असेल तर जिल्हावार, जाहीर करावीत अशी माझी वाहिन्यांना विनंती आहे. हरलेल्याचीसुद्धा. अभिजीतला मत दिलेल्या त्या बाई अजून सोमवारी भेटतात, आणि थोडक्यात गेला की लांबून गेला एवढंच त्यांना हवं आहे.